ज्वारीची भाकर, तुरीचें वरण आणि लायसिन

जमिनीचा कस कशानें उणा पडतो, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. शेतांत नत्र आहे, पालाशहि आहे. पण स्फुरदाची किंवा जस्ताची तूट असली, तर बाकीचीं द्रव्यें कितीहि घातलीं तरी पीक त्या उण्या द्रव्याच्या मापानेंच वाढतें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें एकोणिसाव्या शतकांत हा नियम लोकांपुढें ठळकपणें मांडला, आणि माती तपासून खताची मात्रा ठरविण्याची आजची पद्धति त्याच नियमास धरून आहे. माणसाच्या शरीरासहि हा नियम लागू पडतो. शेताचा कस पाहणारे आपण ताटाचा कस मात्र क्वचित् पाहतों. आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील भाकरीच्या जेवणांत सर्वांत आधीं उणें पडणारें द्रव्य कोणतें, असें विचाराल, तर तें लायसिन नांवाचें एक अमिनो आम्ल होय. तें काय आहे, शरीरास त्याचा उपयोग काय, औषध म्हणून त्याची किंमत किती, आणि आपल्याच शेतांतून तें ताटांत कसें यावें, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथिन हा एकच एक पदार्थ नव्हे. दूध, डाळ, अंडें, मांस, ज्वारी या सर्वांत जीं प्रथिनें आहेत, तीं सुमारें वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या निरनिराळ्या जुळणीनें बनलेलीं आहेत. आपण अन्न खाल्लें म्हणजे तीं सुटीं होतात, आणि शरीर त्यांची पुन्हां जुळणी करून स्वतःस लागणारीं प्रथिनें बनवितें. यांपैकीं बरींचशीं आम्लें शरीर स्वतः तयार करूं शकतें. परंतु नऊ आम्लें अशीं आहेत कीं, तीं अन्नांतूनच मिळालीं पाहिजेत. लायसिन हें त्या नवांपैकीं एक आहे. सुताराजवळ गाडीच्या चाकांचे आरे पुष्कळ आहेत, लोखंडी धावाहि आहेत, पण तुंबे दोनच आहेत, तर चाकें दोनच होतील. शरीराचें काम असेंच चालतें. फरक इतकाच कीं, सुताराचे उरलेले आरे पुढें उपयोगी पडतात. शरीरास मात्र उरलेलीं अमिनो आम्लें सांठवितां येत नाहींत. तीं जळणासारखीं जाळलीं जातात आणि त्यांतील नत्र लघवीवाटें बाहेर जातें.

लायसिनाचा शोध १८८९ सालीं ड्रेक्सेल नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञास दुधांतील केसीन या प्रथिनांत लागला. परंतु त्याची खरी किंमत कळली ती १९१४ सालीं, आणि तीहि एका शेतकी संशोधन केंद्रांत, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्याच्या शेतकी केंद्रांतील ऑस्बोर्न व येल विद्यापीठांतील मेंडेल या दोघांनीं लहान उंदरांवर प्रयोग केले. मक्यांतील झेइन नांवाच्या एकट्या प्रथिनावर ठेवलेले उंदीर खंगत गेले. त्यांच्या अन्नांत ट्रिप्टोफॅन हें दुसरें अमिनो आम्ल घातलें, तेव्हां ते जगले, परंतु वाढले नाहींत. त्यावर लायसिन घालतांच ते वाढूं लागले. गव्हांतील ग्लायडिन या प्रथिनावर ठेवलेल्या उंदरांचेंहि असेंच झालें: जीव राहिला, वाढ खुंटली, आणि लायसिन मिळतांच वाढ पुन्हां सुरू झाली. पोट भरणें आणि अंग भरणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें त्या प्रयोगांनीं सिद्ध केलें.

लायसिन शरीरांत कोणतीं कामें करतें? स्नायूंची बांधणी हें तर आहेच. हाडें, कातडी, कूर्चा व रक्तवाहिन्या यांस बळकटी देणारें कोलॅजेन नांवाचें जें प्रथिन आहे, त्याचे धागे एकमेकांस घट्ट बांधण्याचें काम लायसिनाच्या द्वारें होतें. या कामास क जीवनसत्त्वाचीहि जोड लागते. शरीरांतील चरबी पेशींतील जळणाच्या जागीं नेऊन तिच्या जळणास मदत करणारें कार्निटीन हें द्रव्य लायसिन व मेथिओनिन या दोन आम्लांपासून बनतें. आंतड्यांतून चुना, म्हणजे कॅल्शियम, शोषून घेण्यास लायसिनानें मदत होते, असें कांहीं लहान प्रयोगांत आढळलें आहे. वाढतें मूल, गरोदर व अंगावर पाजणारी स्त्री, आजारांतून उठलेला मनुष्य यांस नवें मांस व रक्त घडवावयाचें असतें. म्हणून लायसिनाची तूट त्यांस सर्वांत आधीं जाणवते.

जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहकारी संस्थांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें मोठ्या माणसास दर किलो वजनामागें रोज ३० मिलिग्रॅम लायसिन लागतें. एक-दोन वर्षांच्या मुलास दर किलोमागें ४५ मिलिग्रॅम लागतें. म्हणजे ५५ किलो वजनाच्या मजुरास रोज सुमारें १६५० मिलिग्रॅम झालें. आतां आपल्या धान्यांकडे पाहूं. पुढील आंकडे स्थूलमानाचे आहेत. वाण व जमीन यांप्रमाणें ते थोडे कमीजास्त होतात.

ज्वारी: १०० ग्रॅमांत प्रथिनें १० ग्रॅम, त्या प्रथिनांत लायसिन शेंकडा २.
गहू: प्रथिनें ११ ग्रॅम, लायसिन शेंकडा २.७.
तांदूळ: प्रथिनें ७ ग्रॅम, लायसिन शेंकडा ३.६.
शेंगदाणे: प्रथिनें २५ ग्रॅम, लायसिन शेंकडा ३.५.
तुरीची डाळ: प्रथिनें २२ ग्रॅम, लायसिन शेंकडा ७.
सोयाबीन: प्रथिनें ३७ ग्रॅम, लायसिन शेंकडा ६.३.
दूध: प्रथिनें ३ ग्रॅम, लायसिन शेंकडा ८.

मोठ्या माणसाच्या आहारांतील प्रथिनांत लायसिन शेंकडा साडेचार तरी असावें, असें मानलें जातें. ज्वारींत तें त्याच्या निम्म्याहून कमी आहे. दिवसास ४०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या मजुरास ज्वारींतून सुमारें ८०० मिलिग्रॅम लायसिन मिळतें. म्हणजे गरजेच्या निम्मेंच. त्याबरोबर ६० ग्रॅम डाळीचें वरण दिवसभरांत पोटांत गेलें, तर त्यांतून आणखी ९२० मिलिग्रॅम मिळतें आणि हिशेब जुळतो. शिवाय डाळींत मेथिओनिन कमी असतें, तें ज्वारी भरून काढते. शिजविलेल्या ज्वारीचें प्रथिन पचनास थोडें जड होतें, म्हणून ताक, दूध किंवा एखादें अंडें वर असलें तर चांगलेंच. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीसारख्या पदार्थांत हें पचन सुधारतें. भाकर आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर भागविलें तर मात्र तूट तशीच राहते, कारण शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिनाचें प्रमाण डाळीच्या निम्मेंच आहे.

आमच्या आयाबायांस अमिनो आम्लाचें नांव ठाऊक नव्हतें, परंतु त्यांच्या स्वयंपाकांत हें शास्त्र मुरलेलें होतें. ज्वारीच्या पिठांत बेसन मिसळून केलेले धपाटे, ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर, भाकरीबरोबर पिठलें, हरभऱ्याच्या घुगऱ्या, हिवाळ्यांत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, या सर्वांत एकदल व द्विदल यांची जोड घातलेली आहे. पेरणीचीहि रीत तशीच होती. ज्वारीच्या कांहीं ओळींनंतर तुरीचें एक तास धरावयाचें, कपाशींतहि तूर घ्यावयाची, बांधाला मूग-उडीद टाकावयाचे. जें शेतांत जोडीनें उगवे, तेंच ताटांत जोडीनें येई.

ही घडी आतां विसकटली आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ व वसमत या पांचहि तालुक्यांत गेल्या तीन दशकांत सोयाबीनानें खरिपाच्या ज्वारीस मागें सारलें आणि पाण्याखालील जमीन पुष्कळ ठिकाणीं हळदीकडे गेली. या पिकांनीं घरांत रोकड आणली, याबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु ज्वारीबरोबर तिच्या शेजारचें तुरीचें तासहि गेलें, आणि डाळ ही दुकानांतून आणावयाची वस्तु झाली. दुकानाच्या डाळीचा भाव चढला कीं वरण पातळ होतें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें स्वस्त धान्य मिळण्याचा हक्क दिला, परंतु तो गहू, तांदूळ व भरड धान्य यांचा. डाळीचा त्यांत समावेश नाहीं. घरांतील स्त्री सर्वांच्या मागून जेवते, तेव्हां वरणाच्या भांड्यांत वरचें पाणीच उरलेलें असतें. कष्ट तिचे पुरुषाइतकेच, आणि पोटांत मूल असेल तर गरज त्याहून अधिक. तरी लायसिनाचा वांटा मात्र तिच्या वांट्यास सर्वांत कमी येतो.

यांत विशेष खेदाची गोष्ट ही कीं, लायसिनानें भरलेलें धान्य आपल्याच शेतांत पिकतें. सोयाबीनाच्या १०० ग्रॅमांत २३०० मिलिग्रॅम लायसिन आहे; तुरीच्या डाळीच्या दीडपट. हें सोयाबीन खळ्यांतून थेट बाजारांत जातें, त्याचें तेल निघतें, आणि लायसिन ज्या पेंडींत उरतें ती मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यांत जाते. कोंबडीखाद्य तयार करणारे कारखानदार लायसिनाचें प्रमाण काट्यावर मोजतात. तें कमी पडलें तर पिलें वाढत नाहींत हें त्यांस पक्कें ठाऊक आहे. म्हणून ते वरून तयार लायसिनहि मिसळतात. जपानांत १९५० नंतरच्या दशकांत शोधलेल्या एका सूक्ष्म जंतूच्या साह्यानें, उसाची मळी किंवा साखर आंबवून, तें आतां फार मोठ्या प्रमाणावर तयार होतें. कोंबडीच्या पिलासाठीं जो हिशेब होतो, तो आपल्या लेंकरासाठींहि व्हावयास नको काय?

सोयाबीन घरांत वापरावयाचें तर कांहीं पथ्यें अवश्य पाळावीं. कच्च्या सोयाबीनांत प्रथिनांचें पचन अडविणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनें नाहींसें होतें. म्हणून स्वच्छ निवडलेलें सोयाबीन भरडून, साल काढून, त्याची डाळ उकळत्या पाण्यांत वीस-पंचवीस मिनिटें शिजवावी, निथळून कडक उन्हांत वाळवावी, आणि नऊ किलो ज्वारीस एक किलो या प्रमाणांत दळून आणावी. अशा ४०० ग्रॅम पिठांत सुमारें १६५० मिलिग्रॅम लायसिन येतें. साध्या ज्वारीच्या पिठाच्या दुप्पट. मात्र कोणतेंहि धान्य करपेपर्यंत भाजूं नये, कारण फार तीव्र आंचेनें लायसिनाचा साखरेशीं संयोग होऊन तें शरीरास निरुपयोगी होतें. आणि सर्वांत महत्त्वाची सूचना ही कीं, पेरणीसाठीं औषध लावलेलें बियाणें, उरलें तरी, कधींहि खाण्यांत किंवा दळणांत जाऊं देऊं नये. तें विषारी असतें. ज्यांस सोयाबीन खाल्ल्यानें अंगावर गांधी उठतात किंवा दम लागतो, त्यांनीं तें वर्ज्य करावें.

आतां औषध म्हणून लायसिनाचा विचार करूं. कारण बाजारांत याच्या गोळ्या व चूर्णें मिळतात, आणि त्यांविषयीं पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. ज्यांच्या आहारांत त्याची तूट आहे, त्यांस तें दिल्यास लाभ होतो, यास प्रयोगांचा आधार आहे. पाकिस्तानांत खेड्यांतील कुटुंबांस लायसिन मिसळलेलें गव्हाचें पीठ तीन महिने देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. मुलांच्या वाढींत व रक्ताच्या कांहीं तपासण्यांत सुधारणा दिसली. आफ्रिकेंतील घाना देशांत लायसिन दिलेल्या मुलांत हगवणीचें प्रमाण कमी झाल्याचें २०१० सालीं नमूद झालें. दोन्ही ठिकाणचे लोक मुख्यतः धान्यावर राहणारे होते, हें येथें विसरतां कामा नये.

ओठांच्या कडेस वरचेवर उठणाऱ्या विषाणुजन्य पुटकुळ्यांवर लायसिनाच्या गोळ्या घेण्याची चाल १९७० नंतर पाश्चात्य देशांत पडली. परंतु या विषयावरील प्रयोगांचा जो पद्धतशीर आढावा कॉक्रेन या संस्थेनें २०१५ सालीं घेतला, त्यांत त्या पुटकुळ्या टाळण्यास लायसिन उपयोगी पडतें, असा पुरावा आढळला नाहीं. तेव्हां त्यासाठीं पैसे खर्चण्याचें कारण दिसत नाहीं. उलट इस्पितळांत लायसिनाचे कांहीं निश्चित उपयोग आहेत. आंतडीं, स्वादुपिंड इत्यादि ठिकाणच्या एका विशिष्ट जातीच्या कर्करोगावर किरणोत्सारी ल्युटेशियम शिरेंतून देतात. त्यापासून मूत्रपिंडांस इजा पोंचूं नये म्हणून त्याबरोबर लायसिन व आर्जिनिन या दोन आम्लांचें द्रावण दिलें जातें. ॲस्पिरिन हें औषध पाण्यांत नीट विरघळत नाहीं. लायसिनाशीं संयोग करून त्याचें शिरेंतून देण्याजोगें औषध कांहीं देशांत करितात. हीं सर्व डॉक्टरांच्या हातचीं कामें आहेत. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनीं तर लायसिनाची गोळी वैद्यकीय सल्ल्यावांचून घेऊंच नये. जन्मतःच लायसिन पचवूं न शकणारीं बालकेंहि क्वचित् आढळतात. त्यांस तें बेतानेंच द्यावें लागतें.

एखादें अमिनो आम्ल सुटें व अधिक घेणें हितकर असतें, असा समज कोणी करून घेऊं नये. याचें उदाहरण आपल्या ज्वारीच्याच इतिहासांत आहे. दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नांवाचा रोग आढळे: उन्हांत उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलावयाची, हगवण लागावयाची, आणि पुढें बुद्धिभ्रंश व्हावयाचा. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेंतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं असें मत मांडलें कीं, ज्वारींत ल्युसीन हें अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असल्यानें हा रोग उद्भवतो. या मताविषयीं पुढें शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु भाकरीस डाळ, दूध व पालेभाजी यांची जोड असलेल्या घरांस या रोगाचें भय नव्हतें, याविषयीं दुमत नाहीं. अन्नांत समतोल हाच मुख्य. गोळीनें एक पारडें भरलें म्हणून समतोल साधत नाहीं.

ज्वारीच्याच दाण्यांत लायसिन वाढवितां येईल काय, याचाहि शोध झाला आहे. १९७३ सालीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या सिंग व ॲक्स्टेल यांस इथिओपियांतील ज्वारीच्या दोन वाणांत लायसिनाचें प्रमाण पुष्कळ अधिक आढळलें. तेथील शेतकरी हीं कणसें कोंवळीं असतांना आपल्या हुरड्याप्रमाणें भाजून खातात. परंतु या वाणांचा दाणा सुरकुतलेला व उतार कमी, म्हणून तो गुण सर्वसाधारण पेरणीच्या वाणांत उतरला नाहीं. परभणीच्या कृषि विद्यापीठानें २०१८ सालीं दिलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण लोह व जस्त यांनीं समृद्ध आहे, आणि तो अवश्य घ्यावा. परंतु लायसिनासाठीं त्यास डाळीची जोड द्यावीच लागेल.

या सर्व विवेचनावरून आमच्या सूचना थोडक्यांत अशा आहेत. येत्या खरिपांत सोयाबीनाच्या दर चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्या. मराठवाड्याच्या जमिनीस ही पद्धति मानवली आहे, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ हा लवकर येणारा, मर रोगास दाद न देणारा वाण त्यासाठीं सोयीचा आहे. तूर खळ्यावर आली कीं विकण्यापूर्वींच घरचा वांटा बाजूस काढावा. माणशीं रोज ६० ग्रॅम या हिशेबानें वर्षास सुमारें २२ किलो डाळ होते, म्हणजे पांच माणसांच्या कुटुंबास एक क्विंटल दहा किलो. भरडतांना साल-चुरीची घट येते, ती धरून तूर त्याहून अधिक ठेवावी. तूर नसेल तर सोयाबीनाचें एखादें पोतें वर सांगितल्या रीतीनें वापरण्यासाठीं राखावें. शाळेंतील भोजनांत पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज २० ग्रॅम डाळीचें प्रमाण ठरलेलें आहे; ती डाळ भांड्यांत खरोखर पडते कीं नाहीं, हें पालकांनीं अधूनमधून जाऊन पाहावें. तोंडापूरच्या कृषि विज्ञान केंद्राकडे वाणांविषयीं व सोयाबीनाच्या प्रक्रियेविषयीं चौकशी करतां येईल. आणि घरांत जी स्त्री शेवटीं जेवते, तिच्यासाठीं वरणाची वाटी आधींच काढून ठेवण्याची वहिवाट प्रत्येक घरानें पाडावी, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.